नऊ तुझे, चौदा माझे

रोज सकाळी निघायच्या आधी काटेवाले काका सायकलींच्या पिशव्यांचं वजन करत. मुक्कामाच्या जागी एखादा मजबूत खिळा नाहीतर फांदी बघायची, तिला हुकाचा छोटा काटा टांगायचा, काट्याला आधी बायकोच्या पिशव्यांची जोडी आणि मग आपली जोडी अडकवायची, पाठमोरं उभं राहायचं, एक गुडघा जरा पुढे काढायचा, आणि काटा स्थिर झाला की शेजारपाजार जागा होईल अशा आवाजात आकडा पुकारायचा.

“नऊ तुझे, चौदा माझे. बरोबर. सोडा गाडी.”

गाडी कसली, दोन सायकली होत्या, त्याही वीस वर्षांच्या जुन्या. पण काकांनी चौतीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरी केली होती. ट्रक काट्यावर चढला की आकडा पुकारायचा आणि ‘बरोबर, सोडा गाडी’ म्हणायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नोकरी सुटली तरी जिभेचं वळण काही सुटलं नव्हतं. घरात भाजी आली तरी ते पिशवी हातात तोलून वजन सांगत, आणि ते चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

शिवणवाल्या काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आकडा ऐकून ‘बरं’ म्हणत आणि काका पाण्याच्या बाटल्या भरायला गेले की आपल्या कामाला लागत. काम असं, की काकांच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून हत्यारांची थैली आणि साखळी-कुलूप काढायचं आणि आपल्या पिशवीत अंथरुणाखाली कोंबायचं. दोन्ही मिळून तीन किलोंना थोडं वरच. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की काका हातपाय धुवायला जात, तेवढ्यात सगळं परत जागच्या जागी. सहा दिवस हे चाललं होतं आणि या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

कळलं असतं तर सगळा खेळच खलास होता.

त्याचं असं झालं होतं. मागच्या वर्षी काकांच्या छातीत कळ आली. बारा दिवस दवाखान्यात काढून हृदयात दोन स्प्रिंगा घालून ते घरी आले. डॉक्टर त्यांना काहीतरी वेगळं म्हणत, पण काका स्प्रिंगाच म्हणायचे. “आता मी पण स्प्रिंगेवरचा काटा झालो,” असं येईल त्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पाहुणे हसायचे. काकू आत जाऊन मशीन सुरू करायच्या, म्हणजे काही ऐकू यायला नको.

वर्षभरानं डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. दिली ती हात आखडूनच. हळू चालवा, चढाला उतरा, ओझं बेताचं ठेवा आणि मर्दुमकी दाखवू नका. त्यातलं पहिलं आणि शेवटचं काकांनी तिथेच विसरून टाकलं. लेक दूर समुद्राकाठच्या गावात राहायची. तिच्याकडे एकदा सायकलनं जायचं, असं नवराबायकोचं लग्न झाल्यापासूनचं नाही तरी लेकीचं लग्न झाल्यापासूनचं बोलणं होतं. पावणेसहाशे किलोमीटर, दहा दिवस. लेकीला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “तुम्हा दोघांना वेड लागलंय.” जावई मागून म्हणाला, “लागू दे, पण हेल्मेट घालून लागू दे.”

निघायच्या आधी महिनाभर काकू पिशव्या शिवत होत्या. रेनकोटचं जाड कापड, दुहेरी शिलाई, तळाला चामड्याचा तुकडा. काका समोर बसून यादी करत होते. मध्येच पेन्सिल ठेवून ते म्हणाले, “एक अट आहे.”

“काय?”

“ज्या दिवशी तू मला आजारी माणूस म्हणून वागवशील, त्या दिवशी मी सायकल बसच्या टपावर टाकणार. पुन्हा जन्मात तिला हात लावणार नाही.”

हे बोलणं पोकळ नव्हतं, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. एकदा धाकट्या दिरानं पत्ते खेळताना राजा मांडीखाली दडवला होता. त्या दिवसापासून चौदा वर्षं काकांनी पत्त्यांना हात लावला नाही. दीर माफी मागून थकला, शेवटी त्यानं पत्ते सोडून बुद्धिबळ धरलं. असा हा माणूस. आणि सायकल गेली तर हा माणूस खुर्चीत बसेल, खिडकीतून रस्त्यावरच्या ट्रकांची वजनं सांगेल आणि तसाच आटत जाईल. दवाखान्यातून आल्यावरचे दोन महिने काकूंनी ते पाहिलं होतं. त्यांना ते पुन्हा पाहायचं नव्हतं.

“मान्य,” काकू म्हणाल्या. “पण मग माझीही ऐका. माझ्या गुडघ्याचं निमित्त करून मला कोणी सवलत द्यायची नाही. दिलीत तर मी पण त्याच बसनं जाणार, आणि जाताना तुमच्याशी बोलणार नाही.”

काकूंचा उजवा गुडघा पायमशीन मारून मारून झिजला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मशीनला मोटार बसवून घेतली, ती काकांनी फार सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला पटलं म्हणून, असं त्या सगळ्यांना आवर्जून सांगत.

“मान्य,” काका म्हणाले. मग वाटणी ठरली. तंबू, शिधा, अंथरूण, हत्यारं सगळं धरून नऊ किलो काकूंचे, चौदा काकांचे. सामान भरायचं, काढायचं आणि संध्याकाळी रांधायचं काकांनी. कपडे धुवायचे, वाळवायचे, उसवलं-फाटलं ते बघायचं काकूंनी.

प्रवास मात्र मजेत चालला होता. रस्ता बहुतेक नदीच्या काठानं जायचा. सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत चालवायचं, सावलीत थांबायचं, परत चालवायचं. लोक थांबवून विचारत, कुठून आलात, कुठे चाललात, वय काय. वय ऐकलं की पाणी आणून देत. एका मुक्कामी त्यांना बेकरीच्या वरची खोली मिळाली. खाली भट्टी, त्यामुळे खोलीची फरशी कोमट. काकू त्या फरशीवर पाय पसरून तासभर बसल्या आणि गुडघ्याला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटलं, पण तसं बोलल्या नाहीत. “पडदे किती वाईट शिवलेत,” एवढंच म्हणाल्या, आणि सकाळी निघताना मालकिणीला दोन पडद्यांची किनार नीट करून दिली. दुसऱ्या एका गावात शाळेच्या ओसरीवर झोपले. हेडबाईंनी मुलांना सांगितलं, या आजी-आजोबांकडून काहीतरी शिका. मुलांनी काकांकडून दप्तराचं वजन हातानं कसं ओळखायचं ते शिकून घेतलं आणि मग दिवसभर एकमेकांची दप्तरं उचलत बसली.

वाटेत कुठेही ट्रकचा वजनकाटा दिसला की काका थांबत. सासुरवाशिणीला माहेरची वाट दिसावी तसं त्यांचं व्हायचं. आत डोकावायचं, काटेवाल्याशी दोन शब्द बोलायचे, काटा किती टनी आहे ते विचारायचं आणि मान हलवत बाहेर यायचं. काकू तेवढ्यात झाडाखाली बसून घेत.

एकदाच भांडं फुटायची वेळ आली होती. चौथ्या दिवशी काकांचं मागचं चाक बसलं. हत्यारं काकूंच्या पिशवीत, आणि काका आपल्या कप्प्याकडे हात न्यायच्या बेतात.

“अहो, आधी पाणी आणा की,” काकू म्हणाल्या. “पाण्यात बुडवल्याशिवाय भोक कसं दिसणार? तोवर मी पिशव्या उतरवते.”

काका जरा घुटमळले. “राहू दे, मी उतरवतो. जड आहेत.”

“जड म्हणजे? चौदा किलोच ना? मी काय मेणाची आहे?”

काका निमूटपणे डबा घेऊन ओढ्याकडे गेले. काकूंनी पिशव्या उतरवल्या. तीन किलो काढून घेऊनही एवढं ओझं? या बापड्याचं आपण आणखी काढून घ्यायला हवं होतं. काका परत आले तेव्हा पान्हे, ठिगळं आणि सोल्यूशन फडक्यावर ओळीनं मांडलेलं होतं. “वा,” काका म्हणाले, “दवाखान्यासारखं मांडलंस.” आणि दवाखाना हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी घाईनं ट्यूब पाण्यात बुडवली.

त्या रात्री आणि नंतरही, पहाटे जाग आली की काकू आधी त्यांचा श्वास ऐकत. एक, दोन, तीन, मग उठत. दिवसा चढ आला की त्या मागे राहत, कारण मागून पाठ दिसते आणि पाठीवरून श्वास कळतो. ‘ठीक ना?’ हे दोन शब्द त्या दिवसातून शंभरदा गिळत होत्या. विचारलं की अट मोडली. संध्याकाळी लेकीचा फोन आला की त्या लांब जाऊन हळू आवाजात बोलत. लेक रोज एकच विचारायची, “आई, बाबा कसे आहेत?” आणि त्या सांगायच्या, “छान आहेत. पाय तयार झालेत त्यांचे. माझ्यापेक्षा पुढे असतात.”

हे मात्र खरं होतं. काका खरंच पुढे असत आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. “बघ,” ते म्हणायचे, “दिवसागणिक सायकल हलकी लागतेय. सवयीचा परिणाम.” काकू ‘हो’ म्हणत आणि मनात हसत. स्वतःविषयी त्यांनाही थोडा अभिमान होताच. नऊ किलोंची म्हणून शिवलेली पिशवी, तिच्यात तीन किलो जास्तीचं सामान सहज बसत होतं. वर अंथरूण, खाली काय ते काकांनाच ठाऊक, पण जागा उरतच होती. असं कापायला आणि शिवायला हात लागतो, असं त्या मनाशी म्हणत.

सातव्या दिवशी घाट होता. बावीस किलोमीटरचा चढ, आणि त्यानंतर समुद्रापर्यंत उतारच उतार. सकाळी वजन झालं, नऊ तुझे चौदा माझे झालं, हत्यारं आणि साखळी गपचूप इकडे आली. काकूंना रात्री धड झोप नव्हती. आजचा दिवस निभला की जिंकलं, असं घोकत त्या निघाल्या.

घाटाच्या पायथ्याशी खडीची खाण होती, आणि खाण म्हटलं की वजनकाटा आलाच. काकांची सायकल आपोआप वळली. समोर रस्त्यापलीकडे बसथांबा होता. तो पाहून काकूंना उगाच कसंतरी झालं.

काट्यावर तिशीची एक बाई होती. केस घट्ट बांधलेले, कानावर पेन्सिल, एक डोळा खिडकीतून ट्रकवर आणि दुसरा आल्यागेल्यावर. काका चौतीस वर्षं काट्यावर होते हे कळल्यावर तिनं दोन खुर्च्या पुढे ओढल्या आणि चहा मागवला. मग दोघांचं जमलं. टनांच्या गप्पा झाल्या, ट्रकवाल्यांच्या लबाड्यांच्या झाल्या. काकू चहा पीत घाटाकडे बघत होत्या.

“माझ्या हातात बसलेलं वजन चुकत नाही,” काका म्हणाले. हे ते कुठे ना कुठे म्हणणारच होते.

“काय सांगता?” काटेवाली म्हणाली. खोलीच्या कोपऱ्यात पार्सलं तोलायचा लहान काटा होता. “कालच तपासनीस येऊन गेलेत. या काट्यात ग्रॅमचाही फरक नाही. होऊन जाऊ दे. तुमच्या सायकलींच्या पिशव्या आणते, तुम्ही हातानं सांगा, मी काट्यावर बघते.”

“अगं, नको,” काकू घाईनं म्हणाल्या. “ऊन चढेल. घाट आहे पुढे.”

आणि नेमक्या त्याच वेळी काका म्हणाले, “कशाला उगाच? पिशव्या काढा-घालायची कटकट.”

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी काट्याला नाही म्हणणं म्हणजे मांजरानं दुधाला नाही म्हणणं. पण विचार करायला वेळ नव्हता. काटेवाली तोवर बाहेर जाऊन काकूंच्या पिशव्या उचलून घेऊन आलीही होती. चोराच्या मनात चांदणं, तसं काकूंच्या मनात साखळी-कुलूप खणखणायला लागलं. नऊ अधिक तीन, बारा. हातात घेतल्याबरोबर ओळखणार. आणि बसथांबा समोरच.

काकांनी पिशव्या उचलल्या. डोळे मिटले. मग उघडले. पिशव्या खाली ठेवून पुन्हा उचलल्या आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा झाला की पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी.

“नऊ,” ते म्हणाले. आवाज पडला होता.

काकूंचा जीव भांड्यात पडता पडता अडकला. नऊ? म्हणजे यांना कळलं आणि चारचौघांत झाकून नेतायत?

काटेवालीनं पिशव्या काट्यावर ठेवल्या. “नऊ किलो शंभर ग्रॅम. काका, कमाल आहे.”

काकूंनी आकड्यावर नजर रोखली. या काट्यात ग्रॅमचाही फरक नव्हता म्हणे. मग तीन किलोंची हत्यारं पिशवीत असताना नऊ कसे भरतात? आयुष्यभर मापं घेण्यात गेलेल्या बाईला एवढी बेरीज येते.

मग काकांच्या पिशव्या आल्या. त्या उचलताना काकांनी आधीच श्वास धरून ठेवला होता. पिशव्या वर येताच त्यांनी तो सोडला. “चौदा,” ते म्हणाले, एखाद्यानं आपल्याच घराचा पत्ता विचारत सांगावा तसे.

“तेरा किलो नऊशे.” काटेवालीनं टाळी वाजवली. “दोन्हीकडे शंभरच ग्रॅमचा फरक. असा हात मी पाहिला नव्हता.” बाहेर ट्रकनं हॉर्न दिला, तशी ती खिडकीकडे धावली.

नवराबायको पिशव्या घेऊन बाहेर बाकावर येऊन बसले. दोघांचे चेहरे परीक्षेत पहिला नंबर येऊनही पेपर कोणी लिहिला ते न आठवणाऱ्या मुलांसारखे झाले होते. काकांनी काकूंची पिशवी पुढे ओढली, अंथरूण वर काढलं आणि खाली हात घातला. आधी साखळी आली, मग हत्यारांची थैली.

“हे इथे कसं?”

काकूंनी अंथरुणाची घडी घालायला घेतली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. खोटं पकडलं गेलेलं माणूस एकदा उलटतंच. “ते राहू दे. आधी मला सांगा, बारा का नाही भरले?”

काकांनी साखळी हातात घेतली. ते साखळीच्या कड्या मोजत राहिले.

“अहो, मी काय विचारतेय?”

“तंबूच्या काठ्या आणि शिध्याचा डबा,” काका म्हणाले. “तुझ्या वाटणीचे होते. माझ्याकडे आहेत.”

“आणि रोज सकाळी नऊ-चौदा पुकारता ते?”

“तुझ्या पिशव्यांच्या वेळी मी बुटाच्या टोकानं वरून दाबायचो. माझ्या वेळी खालून गुडघा लावायचो.” ते काकूंकडे न बघता बोलत होते. “सहा भरायचे त्याचे नऊ, सतरा भरायचे त्याचे चौदा. ट्रकवाले करतात तसंच. त्यांना पकडून पकडूनच शिकलो.”

चौतीस वर्षांत या माणसानं सख्ख्या मेहुण्याचा ट्रक दोनदा परत पाठवला होता. वजनात लबाडी करणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, असं त्याचं ब्रीद. त्या माणसानं सात सकाळी बायकोसमोर पाठमोरं उभं राहून खोटं वजन पुकारलं होतं.

“मी समजत होते माझी शिलाईच ऐसपैस आहे,” त्या म्हणाल्या.

“मी समजत होतो पाय तयार झाले.”

यावर खरं तर हसू यायला हवं होतं. पण त्याच वेळी रस्त्यापलीकडे बस येऊन उभी राहिली, आणि बोर्डावर लेकीच्या गावाचं नाव होतं. दोघांनीही ते वाचलं. कंडक्टरनं दोन म्हातारी माणसं, दोन सायकली आणि पसरलेलं सामान पाहिलं आणि त्याला वाटायचं ते वाटलं. तो दारातूनच ओरडला, “यायचंय का? सायकली टपावर बसतील.”

काका उठून उभे राहिले. मांडीखाली दडवलेला राजा काकूंच्या डोळ्यांसमोर आला आणि मग ती खिडकीजवळची खुर्ची आली.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आजारी समजून नाही केलं मी. मला भीती वाटते म्हणून केलं. पहाटे उठून मी तुमचा श्वास मोजते. दिवसभर तुमच्या पाठीकडे बघत चालवते. एवढी सुंदर नदी सात दिवस बाजूनं गेली, मला विचाराल तर मी तुमचा शर्ट पाहिलाय फक्त. शिलाईचे टाके सांगू शकेन मी त्याचे. तुम्ही आजारी नाही आहात. घाबरट मी आहे. त्याची शिक्षा सायकलला देऊ नका.”

काका परत बाकावर बसले, जरा जवळ.

“चढाला तू सीटवरून उठतेस तेव्हा उजवा पाय टाकताना दात आवळतेस,” ते म्हणाले. “माझी पाठ तुझ्याकडे असते म्हणून मला दिसत नाही असं वाटतं का? माझ्या हँडलला आरसा आहे. मी पण नदी नाही बघितली.”

काकूंनी हँडलकडे पाहिलं. आरसा होता खरा. त्यांना वाटलं होतं तो मागून येणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

“म्हणजे अट दोघांनी मोडली,” त्या म्हणाल्या.

“फिट्टंफाट.”

“काय ठरलं?” कंडक्टर ओरडला. “मला वेळेत घाट चढायचाय.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळे पुसले आणि मानेनं नाही म्हटलं. मग काकांनी ऊर भरून श्वास घेतला आणि खाणीतल्या ट्रकवाल्यांनीही माना वळवाव्यात अशा आवाजात पुकारलं, “नऊ तिचे, चौदा माझे. वजन बरोबर आहे. सोडा गाडी.”

कंडक्टरला काही कळलं नाही, पण ‘सोडा गाडी’ एवढं कोणत्याही कंडक्टरला कळतं. त्यानं घंटी मारली. खिडकीतली काटेवाली मात्र मोठ्यानं हसली, तिला वाटलं काका तिच्याच काट्याची तारीफ करतायत.

सामान परत भरताना वाद झालाच. साखळी कुणी घ्यायची, काठ्या कुणी घ्यायच्या. शेवटी काकू म्हणाल्या, दोघांनी लबाडी करून जर नऊ-चौदाच येत असेल तर आहे तसंच राहू द्या, नाहीतर प्रामाणिकपणे वाटायला बसलो की गडबड होईल. तसंच राहिलं. फक्त हुकाचा काटा काकांनी काटेवालीला देऊन टाकला. म्हणाले, ठेव आठवण म्हणून, मला आता त्याचा भरवसा नाही. तिनं तो खिळ्याला टांगून बघितला आणि म्हणाली, “काका, हा तर बरोबर दाखवतोय.” “हो,” काका म्हणाले, “बिचाऱ्याचा काही दोष नाही.”

घाटात ते सावकाश गेले. पहिल्यांदाच शेजारी शेजारी चालवत होते, गाडी आली की मागेपुढे व्हायचं आणि परत शेजारी यायचं. पहिल्या वळणावर काकूंनी विचारलं, “ठीक ना?” इतके दिवस गिळलेले शब्द तोंडातून बाहेर आले ते फार मोठ्यानं आले. काका म्हणाले, “धाप लागलीय. थांबू या.” थांबले. तिसऱ्या वळणावर काकांनी विचारलं, “गुडघा?” काकू म्हणाल्या, “ठणकतोय.” परत थांबले. पुढचा खडा चढ त्यांनी सायकली हातात धरून चालत काढला. खाली नदी दिसत होती, वळणं घेत, आणि तिच्या कडेकडेनं आलेला सगळा रस्ता. दोघांनी ती नीट पाहून घेतली. बावीस किलोमीटरला सहा तास लागले आणि कुणी घड्याळ बघितलं नाही.

माथ्यावर एक सपाट दगड होता. काकू त्यावर पाय लांब करून बसल्या. काकांनी ओलं फडकं आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं, आणि काकूंनी ते ठेवू दिलं. ऊन उतरलं होतं, वारा गार होता. पुढे सगळा उतार होता आणि अगदी टोकाला, आभाळाच्या खाली, एक फिकी रेघ होती. तो समुद्र आहे की ढग, यावर दोघांचं एकमत झालं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. “आई,” लेक म्हणाली, “घाट झाला का? बाबा कसे आहेत?”

काकू सवयीनं उठायला गेल्या, लांब जाऊन बोलायला. मग थांबल्या, परत बसल्या आणि फोन दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला. “ते इथेच आहेत. त्यांनाच विचार.”

“धाप लागत होती,” काका फोनकडे वाकून म्हणाले. “सात-आठदा थांबलो. गोळी घेतली वेळेवर. आता बरं वाटतंय. आईचा गुडघा सुजलाय.”

“सुजलाय,” काकू म्हणाल्या. “चांगलाच सुजलाय.”

इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही तिला एवढं खरं सांगितलं नव्हतं. लेक घाबरलीच. “मग ऐका माझं,” ती म्हणाली, “आता हट्ट पुरे झाला. उरलेलं बसनं या.”

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.

“बस गेली,” दोघं एकदमच म्हणाले.